शून्य दशांश शून्य पाच

सूर्यावर वादळ उठलं आणि सकाळी दहाला सगळ्यांच्या मनगटावरच्या गणकपट्ट्या मुक्या झाल्या. उपग्रहच गप्प, तिथे पट्टी काय आणि फोन काय बोलणार? एरवी दिवसभर कसंही निभावलं असतं. पण डोंगरात मेंदूज्वराची साथ होती.

उपकेंद्रात परिचारिका प्रणिता वळवीसमोर सात वर्षांची मीनल झटक्यांनी तडफडत होती. भिंतीवरच्या तक्त्यात तिच्या वजनाला ०.६ मिलिग्रॅम औषध लिहिलं होतं. बाटलीवर छापलं होतं : दर मिलिलिटरमध्ये ०.०५ मिलिग्रॅम. मग टोचायचं किती मिलिलिटर? हा भागाकार रोज पट्टी करायची. तो शाळेतून काढून टाकला त्याला बावीस वर्षं झाली होती, आणि खरं सांगायचं तर तेव्हा सगळ्यांनी टाळ्याच वाजवल्या होत्या.

"बारा," मीनलचे आजोबा म्हणाले. ते निवृत्त शिक्षक. त्यांनी कागदावर मांडलंही. "दोन्हीकडचा बिंदू दोन-दोन घरं सरकव. साठ भागिले पाच."

"भागल्यावर आकडा वाढेल कसा, गुरुजी? वाटलं की वाटा लहानच होतो."

"अगं, माप लहान असलं की मापं जास्त भरतात. घागरभर पाणी पेल्याने मोजून बघ."

प्रणिताने सिरिंज हातात घेतली. बारा मिलिलिटर! चुकलं तर पोर जागच्या जागी जाईल. जास्तीपेक्षा कमी बरं, असं म्हणून तिने एकच मिलिलिटर टोचलं. गुरुजी हात जोडत राहिले. ती बधली नाही.

तासाभरानेही झटके थांबले नाहीत. तेव्हा तिने पेन घेतलं आणि तळहातावर मिळवत गेली : ०.०५, ०.१०, ०.१५... सहा दशांशापर्यंत पोचायला बारा वेळा मिळवावं लागलं. तिच्या तोंडून हुंदका फुटला. उरलेलं अकरा मिलिलिटर तिने घाईघाईने दिलं, पण उशीर झाला होता. दुपारी एकला मीनल गेली.

गुरुजींनी नातीचे डोळे मिटले. बराच वेळ ते तिच्या पायांवर हात ठेवून बसले. प्रणिता भिंतीला टेकून रडत होती.

"हेच औषध आणखी कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"डोंगरातल्या सगळ्या उपकेंद्रांत. एकवीस."

"आणि तिथल्या सिस्टर?"

"माझ्याच वयाच्या. भागाकार न शिकलेल्या."

गुरुजी उठले. त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली. "गाडी काढ, पोरी. हे तूच त्यांना सांग. माझं ऐकेल का तिथे कुणी?"