पांढऱ्या मातीची चव

दामिनीने करपलेल्या धानाच्या बुडातली पांढुरकी माती चिमटीत घेतली आणि सरळ जिभेवर ठेवली.

"समुद्रवाली माती खाऊन राहिली!" गावातली आचल बांधावरून ओरडली. मुन्नाने हसू दाबलं. त्याला दामिनीशी बोलायची बंदी होती.

केशोरी गावात आल्यापासून दामिनीला एकाही पोराने नावाने हाक मारली नव्हती; सगळ्यांची ती 'समुद्रवाली'. बाबांची नोकरी बंदरांवरची. आधी रत्नागिरी, मग कच्छ. सुट्टीपुरतं तिला दुलीचंदमामाकडे ठेवलं होतं. शेजारच्या मुन्नाशी जरा कुठे गट्टी जमली, तोच त्याच्या शेताचा खालचा कोपरा पिवळा पडला. मामाने दिलेल्या युरियानेच धान जळलं, असं मुन्नाचे वडील मनिरामकाका म्हणाले आणि दोन्ही घरांचं बोलणं तुटलं. तेव्हापासून दामिनी ओसरीवर एकटीच सागरगोटे खेळत होती. एकटीने खेळण्यात काय मजा? तिला फार एकटं वाटत होतं.

"हा युरिया नाही, मीठ आहे," ती थुंकून म्हणाली. "कच्छच्या खाडीकाठी अशीच पांढरी पापडी धरते."

मुन्ना बंदी विसरला. "मग रत्नागिरीले काऊन धरत नाही? समुद्र तं तिथंही आहे."

"तिथे पाऊस धो धो पडतो, मीठ धुऊन नेतो. खाडीत तिवराची झाडं उंच वाढतात, खाली चिखलात खेकडेच खेकडे. कच्छला पाऊस नावापुरता. पाणी वाळतं, मीठ मागे राहतं. तिवर तिथेही आहे, पण बुटका. उंट येऊन त्याचा पाला खातात."

"आणि आपल्याइथं सध्या ऊनच ऊन," आचल विचार करत म्हणाली. "पाणी वाळलं, मीठ राहिलं. पण मीठ आलं कुठून?"

पाणी तर गावच्या बोडीतून, म्हणजे छोट्या तळ्यातून, पाटाने येत होतं. तिघं पाटाच्या कडेने पाण्याच्या उलट दिशेने निघाली, बोट बुडवून चाखत आणि थुंकत. इंद्रकुमारशेटच्या गोदामापर्यंत पाणी खारट, गोदामाच्या पलीकडे गोड. गोदामाच्या मागे पाटातच मिठाची फाटकी पोती पडली होती.

मुन्ना वडिलांना आणि मामाला घेऊन आला. शेट मात्र बधेना.

"पाटाचं पाणी साफ आहे. पोरायच्या नादी कायले लागून राहिले तुम्ही?"

दामिनीने पोत्यांजवळच्या पाण्याचा पेला पुढे केला. "साफ आहे ना काका? मग एक घोट घ्या."

शेटचा हात अर्ध्यावर थांबला. सगळे बघत होते.

"पोती भिजली होती," तो शेवटी पुटपुटला. "कुठं फेकू, समजलं नाही."

पोती त्यालाच उचलावी लागली. बोडीचं गोड पाणी सोडून शेत धुवायचं ठरलं. "दुलीचंदभाऊ, मी उगाच बोललो तुले," मनिरामकाका म्हणाले. "भाची मोठी हुशार आहे गा." मामाने तिची पाठ थोपटली.

संध्याकाळी बाबांचा फोन आला. त्यांनीही शाबासकी दिली, पण कामाची हाक आली आणि फोन ठेवावा लागला. ओसरीवर पुन्हा ती एकटीच उरली. दामिनीने सागरगोटे काढले, दोनदा उडवले आणि तिला रडूच आलं.

"दामिनी!" कुंपणापलीकडून मुन्नाचा आवाज आला. "येऊन राहिली का नाही खेळाले?"

सागरगोटे मुठीत घेऊन ती अनवाणीच धावली.