झुल्माने निवडलेलं कुलूप

"तुझ्या-माझ्याशिवाय ते पान कोणी उघडूच शकत नाही. हे तूच सांगितलं होतंस ना?" कंपनीच्या प्रमुख एल्विराबाईंनी मीटिंगच्या खोलीचं दार लावलं आणि झुल्माचा फोन स्वतःच्या पर्समध्ये टाकला.

झुल्माच्या तोंडचं पाणी पळालं. गुरांच्या लसी बनवणाऱ्या या कंपनीसाठी विकी, म्हणजे कामाची माहिती ठेवायचं सॉफ्टवेअर, निवडायचं काम तिचंच. सगळी माहिती एका जागी, पण ज्याची त्यालाच दिसेल अशी. हे सॉफ्टवेअर तिने निवडलं ते त्याची कुलपं पक्की म्हणून. आणि काल दुपारी टेंडरच्या दराचं पान तिच्या खात्यातून, तिच्याच संगणकावर उघडलं गेलं. बाई तेव्हा दूर पायसांदू शहरात होत्या. आज दुसऱ्या कंपनीचा दर त्यांच्या दरापेक्षा जेमतेम खाली आला.

"जेवणाच्या सुट्टीपर्यंत खरं सांग. नाहीतर पोलीस."

आपणच बनवलेल्या पिंजऱ्यात आपणच! झुल्माला रडू फुटलं. कालची दुपार किती मजेत गेली होती. येर्बाचा, म्हणजे कडवट पानांच्या गरम चहाचा, तुंबा हातोहात फिरत होता; नळी एकच, ज्याने त्याने तो रिकामा करून पुन्हा भरायला परत द्यायचा. ती थर्मास भरून आली तरी मिल्टनपुढचा तुंबा तसाच काठोकाठ. "अरे, तो काय धरून बसायला माइक आहे? पी आणि दे!" तिने चिडवलं, तसा त्याने एका दमात ओढला.

एका दमात? झुल्माने डोळे पुसले.

"बाई, मिल्टन आणि दार्दोला बोलवा. काल माझ्या टेबलापाशी तेच होते."

हिशेबातला दार्दो आणि विक्रीतला मिल्टन, तिचा जुना मित्र, आत आले.

"मी पाणी आणायला गेले तेव्हा कुठे होतात?"

"गॅलरीत. बायकोचा फोन," दार्दो म्हणाला.

"मी खुर्चीतच," मिल्टन हसला. "तुंबा हातात, नळी तोंडात. आणखी काय करणार?"

"स्क्रीन बंद केली होतीस?" बाईंनी झुल्माला विचारलं.

"नाही. एका नळीने पिणाऱ्यांसमोर स्क्रीन कोण बंद करतं, बाई?"

"मग दोघांपैकी कोणीही असेल!" बाई म्हणाल्या.

"नाही. थर्मासमधलं शेवटचं कढत पाणी ओतून मी तुंबा मिल्टनला दिला होता. चार घोटांचं काम. नळी तोंडात होती, तर तो भरलेला कसा राहिला? आणि कढत येर्बा एका दमात ओढला असता तर जीभ भाजली असती. तो गार झाला होता. मिल्टन, तुंबा टेबलावर होता आणि तू माझ्या खुर्चीत."

मिल्टनचं हसू गेलं. "ती दुसरी कंपनी मला विक्रीप्रमुख करणार होती, झुल्मा. मला वाटलं, तू बाईंची लाडकी. तुला कोण काय करणार?"

"तुरुंगात गेले असते रे मी!" तिचा आवाज फाटला.

बाईंनी पर्समधून तिचा फोन काढून परत दिला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तुंबा फिरला. माणसं दोनच. थर्मास संपला तशी झुल्मा उठली, दोन पावलं गेली, परत आली आणि तिने स्क्रीन बंद केली.

दार्दोने पाहिलं. हातातला तुंबा चार घोटांत संपवून त्याने तो तिच्यापुढे ठेवला.