पायलच्या नावाची फाईल

साहेब, या गोष्टीत एका पोरीची दोन वर्षं चोरीला गेली आहेत, आणि पहिलं बोट तुमच्याकडेच आहे. तुम्ही बाजार उघडलेत, लग्नाचे हॉल उघडलेत, दारूची दुकानं तर सगळ्यांच्या आधी उघडलीत. उल्हासनगरात कॅम्प दोनच्या फर्निचरवाल्या गल्लीत सोफे घ्यायला माणसांची रेटारेटी चालू होती, आणि त्याच गल्लीच्या टोकाला पहिलीच्या वर्गाला कुलूप होतं. वर तुमचा हुकूम – शाळा बंद ठेवा, शिक्षण चालू ठेवा. ठेवलं साहेब. कागदावर ठेवलं. त्या कागदांचीच ही गोष्ट. हिच्यात प्रेमही आहे. आणि ते खोटं नव्हतं, हेच तर वाईट आहे.

नूतनला तो पहिल्यांदा दिसला तो चुकीच्या रांगेत.

शाळेच्या पटांगणात त्या शनिवारी दोन रांगा होत्या. एक स्वॅब तपासणीची, दुसरी पालकांची – मुलांना घरी सोडवायला द्यायचे कागद न्यायची. पालकांच्या रांगेत चार माणसं, स्वॅबच्या रांगेत चाळीस. आणि त्या चाळिसात एकजण हातात कोरी प्लास्टिकची फाईल धरून अर्धा तास उभा. दोन्ही हात मनगटापर्यंत निळे.

"ओ, निळे हात!" नूतनने टेबलामागून हाक मारली. "तुम्ही पालक की पेशंट?"

त्याने आधी हातांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मास्कच्या वर नुसते डोळे… पण हसलेले डोळे मास्कमागूनही कळतात.

"अजून ठरलं नाय, बाई. नाकात काडी घातल्यावर कळेल म्हणतात."

"इकडे या. इथे काडी नाही, पेन्सिल आहे."

तो आला. अल्पेश. शहाडला राहणारा, जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्टर. कापडाचा रंग हाताला बसलेला, साबणाला न जुमानणारा. पुतणीचं – पायलचं – नाव जूनमध्ये पहिलीत घातलेलं. भावाचा टेम्पो बंद पडला, म्हणून भाऊ बायकोपोरीसकट बदलापूरच्या पलीकडे सासुरवाडीला जाऊन राहिला. घरात मोबाईल एकच, तो अल्पेशचा.

"कागद दर शनिवारी भरून आणायचे," नूतन म्हणाली. "सलग तीन वेळा आले नाहीत तर मुलगी 'संपर्कात नाही' अशी वर कळवावी लागते. मग नाव कापतात."

"नाव नाय कापू देणार," तो एकदम गंभीर होऊन म्हणाला. "आमच्या घरातली पहिली पोरगी आहे मराठी शाळेत घातलेली. वयनीने उपास केलाय त्यासाठी."

पुढच्या शनिवारी कागद भरून आले. नूतनने लाल पेनाने चांदणी काढली, खाली लिहिलं – छान! आठवड्याने कागद परत आला तेव्हा मागच्या कोऱ्या बाजूला एक ओळ होती: 'काकाला पण एक स्टार मिळेल का?'

तिने खाली लिहिलं – 'काकांनी आधी मास्क नाकावर घ्यावा.'

तिसऱ्या शनिवारी तिच्या लक्षात आलं.

पहिलीतलं पोर 'क' काढतं तेव्हा पेन्सिल कागद फाडायला निघते. अक्षर ओळीवरून घसरतं, मध्येच दमतं, शेवटचं तर पार खाली लोंबतं. पायलच्या कागदावर सगळे 'क' वाकडे होते… पण सगळे सारखेच वाकडे. मापाने वाकडे केल्यासारखे. आणि कोपऱ्यात अंगठ्याचा निळा ठसा – चांगला रुंद, बाप्याच्या अंगठ्याचा.

पहिलीच्या बाईला हे कळत नाही असं होत नाही. नूतनला कळलं. तिने कागद बराच वेळ हातात धरला. मग तो उलटा केला. मागे लिहिलं होतं – 'बाई, आज तुमचे डोळे दमलेले दिसले. झोप झाली नाय का?'

तिने पुढच्या बाजूला चांदणी काढली.

तिथून सगळं बिघडलं. तिथूनच सगळं सुरूही झालं.

दर गुरुवारी प्रत्येक मुलाला फोन करायचा, असाही तुमचा हुकूम होता, साहेब. रजिस्टरमध्ये एक रकाना – 'विद्यार्थ्याशी संवाद: झाला / नाही'. अंबरनाथला घराच्या गच्चीवर, वाळत घातलेल्या चादरींच्या आड उभी राहून नूतन एकेक नंबर फिरवायची. पायलचा नंबर ती मुद्दाम शेवटी ठेवायची.

"पायलला द्या ना फोन."

"गावी आहे, बाई. तिकडे रेंज नाय. काय विचारायचं ते मला विचारा."

"बरं… सात आणि पाच?"

"बारा."

"शाब्बास. जेवलात का?"

"हे पण पुस्तकात आहे?"

"परिसर अभ्यास आहे. उत्तर द्या."

"जेवलो. वांग्याचं भरीत. जळालेलं. आता माझा एक प्रश्न."

"विद्यार्थी प्रश्न विचारत नाहीत."

"कुठल्या शाळेत? तुमच्या वर्गात तर विचारायला देत असाल." मग आवाज थोडा खाली… "बाई, तुम्ही हसता तेव्हा मास्कच्या आत नक्की काय होतं? मी एवढे दिवस अंदाज लावतोय."

फोन चाळीस-चाळीस मिनिटं चालायचा. चादरी वाळून कडक व्हायच्या. फोन ठेवला की नूतन खाली येऊन रजिस्टर उघडायची आणि पायलच्या नावापुढे लिहायची – झाला.

एकदा नाही. चाळीस-पन्नास वेळा तिने ते लिहिलं. 'पायलला एकदा शाळेत घेऊन या' हे वाक्य कितीदा तरी ओठांवर आलं… पण म्हटलं असतं तर त्याला काहीतरी कबूल करावं लागलं असतं. मग शनिवारी निळे हात आले नसते. तिने वाक्य गिळलं. अशीच पोरीची पहिली गेली, आणि पहिली न बघताच पोरगी दुसरीत गेली; वर्गाबरोबर बाईही तीच.

मग डिसेंबरात तुम्हाला एकदाची आठवण झाली आणि शाळा उघडल्या.

फाटकाला झेंडूचं तोरण, दारात कपाळावर रोखायची ती तापाची बंदूक. पालकांच्या सहीची संमतीपत्रं हातात घेऊन पोरं आत शिरत होती – कुणाचा गणवेश गुडघ्यावर, कुणाचा बुटात पायच मावत नाही. अल्पेश पायलला घेऊन आला. दोन वेण्या, लाल रिबिनी, नवं दप्तर. फाटकाबाहेर थांबून त्याने मास्क हनुवटीखाली ओढला.

"घ्या बाई. दोन वर्षांचा सस्पेन्स."

नूतनने पाहिलं. बारीक मिशी, एका गालावर खळी. खळीवरची नजर काढून ती म्हणाली, "एवढंच? मला वाटलं होतं दात तरी निळे असतील."

"आता तुमची पाळी."

"शाळा सुटल्यावर," ती म्हणाली. मास्कच्या आत काय होतं ते तेव्हा फक्त तिलाच माहीत होतं.

वर्गात तिने फळ्यावर सगळ्या मुलांची नावं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवली होती. पहिल्या दिवसाची तिची ही रीत. प्रत्येकाने यायचं, आपलं नाव ओळखायचं आणि त्याखाली झेंडूचं फूल ठेवायचं. नावाखाली खिळे ठोकलेले असायचे, फूल त्यात अडकवायचं. सगळ्यांना जमलं नाही. कुणी कुणाच्या नावाखाली अडकवलं, हशा झाला, परत अडकवलं. जनू नावाचा मुलगा नावातला 'न' ओळखून आला आणि फूल अडकवून नाचत गेला.

पायल उठली. फूल मुठीत. या टोकापासून त्या टोकापर्यंत तिने फळा पाहिला, परत पाहिला. तिचं नाव अगदी समोर होतं, तिच्या नाकासमोर. ती तिथे थांबलीसुद्धा… आणि पुढे गेली. शेवटी फळ्याच्या कोपऱ्यात, जिथे काहीच लिहिलं नव्हतं, तिथे जाऊन तिने फूल फळ्याला टेकवून धरलं. सोडलं तर पडेल म्हणून धरूनच उभी राहिली.

"मना नाय येत, बाई," ती हळूच म्हणाली.

तेवढ्यात हेडसर दारातून डोकावले. हातात जाड फाईल. "नूतनबाई, पायल आलीय ना? एकही कागद न चुकवलेली मुलगी! तपासणीला साहेब आले की हिलाच वाचायला उभी करू." त्यांनी फाईल टेबलावर ठेवली आणि पायलच्या डोक्यावर हात फिरवला. "ही सगळी तुझी बरं का, बाळा."

शाळा सुटली. पायल नळावर पाणी प्यायला गेली. अल्पेश वर्गात आला, हात मागे लपवून. कारखान्यातल्या कापडाचे तुकडे जोडून त्याने स्वतः शिवलेली झोळी होती ती. आत रेशमी अस्तर, पट्ट्यावर बारीक टीप.

"आज विचारायचं ठरवून आलोय," तो म्हणाला. "घरी पण सांगितलंय. वयनी म्हणते, बाईंना आपलं घर चालेल का आधी विचार. तर…"

"कागद कोण लिहायचं?"

त्याने झोळी हळूच बाकावर ठेवली.

"पहिला मी लिहिला. नाव कापतील म्हणून. ट्रेनमध्ये आम्हाला चढू देत नव्हते तेव्हा, बदलापूरच्या पलीकडे कागद पोचवणार कसा? मग ट्रेन सुरू झाल्यावर एकदा नेलेला. पंधरा दिवसांनी गेलो तर कोराच. भावाला वेळ नाय, वयनीला वाचता येत नाय. कोरा कागद घेऊन तुमच्यासमोर कसा येणार होतो? आणि… चांदणीची सवय लागली, बाई. या दिवाळीला पायल परत आली. म्हटलं आता तिच्याकडून लिहून घेऊ. पेन्सिल मुठीत धरली तिने. एक उभी रेघ काढली. मी पेन्सिल काढून घेतली. शनिवार दुसऱ्या दिवशी होता."

बाहेर नळाचा आवाज येत होता.

"मी फसवलं तुम्हाला," तो म्हणाला. "ओरडा ना. काहीतरी बोला."

"नाही फसवलंत." तिने मास्क काढला. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्याने तिचा चेहरा पाहिला, आणि त्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. "मला तिसऱ्या शनिवारीच कळलं होतं."

"काय?"

"अंगठ्याचा ठसा. सगळं कळलं होतं."

"मग बोलला का नाय?"

"बोलले असते तर पुढच्या शनिवारी तुम्ही आला असता?"

तिचं प्रेम त्याने याच एका वाक्यात ऐकलं – आणि ऐकून आनंद होण्याऐवजी त्याने बाकाची कड घट्ट धरली.

"नूतन…" पहिल्यांदाच त्याने नाव घेतलं. "आता शिकवू तिला. दोघं मिळून."

"शिकवू. पण चाळीस आठवडे, पन्नास आठवडे… ते तिला कुठून आणून देऊ? मी दर गुरुवारी 'झाला' लिहीत होते, अल्पेश. कोणाशी झाला संवाद?"

ओले हात फ्रॉकला पुसत पायल आत आली. कुणाकडे न बघता सरळ टेबलाशी गेली आणि फाईल उघडून बसली. एकेक कागद उलटू लागली. लाल चांदण्या, लाल चांदण्या. तिचे डोळे मोठे होत गेले. एका चांदणीवर तिने बोट फिरवलं, मग अक्षरांवर. बोट अडखळलं.

"बाई, हेडसर बोलले ही माझी फाईल हाय."

"हो."

तिने सगळे कागद बाकावर पसरले, वाकून पाहिले. पुन्हा एकदा पाहिले.

"मग यातला मी काढलेला कुठला?"

अल्पेशने नूतनकडे पाहिलं. नूतनने अल्पेशकडे.

"काका, तू सांग," पायल म्हणाली. "नायतर बाई, तुमी सांगा. कोन तरी एक सांगा ना… कुठला?"