सात आणि साडेतीन

१९८३च्या मे महिन्यात मी मेहसाण्याहून रजेवर लालबागला घरी आलो. मेहसाण्यात तेलाच्या विहिरींच्या आसपास जमिनीतलं पाणी किती खोल गेलंय, ते मोजायची माझी नोकरी. तिथे चारशे फुटांवरही पाण्याची खात्री नसते. आमच्या चाळीच्या विहिरीत अठरा फुटांवर पाणी बघून मला हायसं वाटलं.

"पण टिकत नाही रे उत्तम," शेजारच्या काशीबाई म्हणाल्या. "सकाळचे सात वाजले की खाली जातं. नळ असा कोरडा, चाळीस बिऱ्हाडं. तू पाण्यातला माणूस, बघ जरा."

चार दिवस मी टेप सोडून पाहिली. सातला पाणी आठ फूट उतरायचं, हळूहळू भरायचं. साडेतीनला पुन्हा तेच.

"गिरणीच्या पाळ्या. सातची आणि साडेतीनची," बाबा म्हणाले.

बाबा भिंतीपलीकडच्या गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे. सोळा महिने संपावर होते. गिरणीच्या आवारातही विहीर होती, झरा आमच्या विहिरीचाच; तिचं पाणी बॉयलरला जायचं. आता ते कुणी खेचत असेल, तर आत कुणीतरी संप मोडून कामाला जात होतं. चाळीतली माणसं एकमेकांच्या नजरा चुकवू लागली.

पाचव्या दिवशी दुपारी बाबा मला घेऊन गिरणीच्या फाटकावर गेले. वॉचमन बुधाजी त्यांच्या ओळखीचा.

"आत कुत्रं पण नाय, दत्ताराम. जा, बघ."

खरंच नव्हतं. बॉयलर थंडगार. पंपाची मोटर काढून नेलेली, पाइप कापलेला. मी विहिरीत टेप सोडली. वर आली ती कोरडी, टोकाला धूळ घेऊन.

साडेतीन झाले.

बाबा कठड्यावरून आत वाकले.

"आलो," ते म्हणाले.

"कुणाला म्हणालात, बाबा?"

"मी? मी कुठे काय बोललो?"

त्या दिवसापासून चाळीची विहीर उतरली नाही. काशीबाईंनी तिथे नारळ फोडला.

बाबांची तहान मात्र वाढली. सातला दोन तांबे, साडेतीनला तीन. तरी ओठ फुटलेले, हाताची कातडी सुकलेली. परळच्या डॉक्टरांना काही सापडलं नाही. "उन्हाळा बाधला," आई म्हणत राहिली.

मी निघालो त्या सकाळी बाबा मोरीपाशी बसून घटाघटा पीत होते. सात वाजून गेले होते. निरोप घ्यायला मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

पाठ थरथरत होती. बारीक, एकसारखी, न थांबता.

पंप चालू असताना पाइप थरथरतो, तशी.