मागच्या सीटचा पट्टा

हे खरं आहे. म्हणजे मला तरी तसं वाटतं. नजर अधू झाल्यापासून मी स्वतःच्या सांगण्यावरही फारसा विसंबत नाही.

सोमवारची भरदुपार. आमच्याच इमारतीखालचं पार्किंग.

स्वतः चालणारी गाडी सुनेची. माझं गाडी चालवणं केव्हाच सुटलं. नातीला, आमच्या बुटकीला, शाळेतून आणायचं एवढंच काम माझ्या वाट्याला उरलं होतं. ते मला गमवायचं नव्हतं.

मी पुढे बसलो. गाडी हलेना.

"मागच्या प्रवाशाने पट्टा लावावा," ती म्हणाली.

मी वळून पाहिलं...

कुणीच नव्हतं.

साधी पिशवीसुद्धा नव्हती.

शाळा सुटत आली होती. उतरलो, रिकाम्या सीटवरून पट्टा ओढून अडकवला. गाडी निमूट निघाली.

संध्याकाळी सुनेला सांगितलं. ती हसली. "बाबा, नवीन अपडेट आलंय ना, त्याचे नखरे. शेजारच्यांची गाडी तर सावलीला बिचकते म्हणे. सगळे वैतागलेत."

मला हायसं वाटलं. चूक दर वेळी माझीच नसते तर.

मग रोज तेच. रोज मी पट्टा लावायचो.

गुरुवारी लावलेल्या पट्ट्याकडे नीट पाहिलं...

तो सीटवर पडलेला नव्हता.

कुणाच्या तरी पोटावरून गेल्यासारखा, वर उचललेला होता.

सुनेच्या मागे लागून गाडी गॅरेजला नेली. मेकॅनिकने स्क्रीन चाळली.

"काका, कसलं अपडेट? या गाडीत ते उतरलंच नाही. मधेच अडकलंय."

"मग ही पट्टा कुणाला लावायला सांगते?"

"सीटवर वजन असलं तरच सांगते." त्याने मागची सीट दाबून पाहिली...

हात मागे घेतला. पँटला पुसला.

"अपडेट टाकून देतो," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "मग बोलायची नाही."

खरंच, त्यानंतर गाडी बोलत नाही.

"बघा, मिटलं की नाही?" सून म्हणाली.

मिटलंही असेल. जे होतं ते गेलं असेल. किंवा गाडीला आता ते कळत नसेल. आधी ती निदान सांगत तरी होती.

काल बुटकी मागे बसली. ऐसपैस जागा, तरी दाराला चिकटून. दप्तर मांडीवर.

"दप्तर ठेव की बाजूला."

तिने नुसती मान हलवली... नाही.

सुनेला अजून काही बोललो नाही. बोललो तर हे कामही जाईल, आणि आजोबांना भ्रम होतो हे घरभर होईल.

आज मात्र बुटकीला पुढे बसवलं.

मागे मी बसलो... दाराला चिकटून.