मलकापूरच्या वखारीतलं पारडं

ही गोष्ट माझ्या घरातली आहे. कुणाच्या मित्राच्या मित्राची नाही.

जिनं ती डोळ्यांनी पाहिली, तिच्या पोटात मी होते.

माझं वय आता ऐंशी. माझी सून मोबाइलवर या पानावरच्या गोष्टी मला वाचून दाखवते. परवा तिला म्हटलं, माझी पण एक लिहून घे. मी सांगते तसंच लिही, वाढवू नकोस. कुणी खोटी म्हणालं तर म्हणू दे.

साल एकोणीसशे चव्वेचाळीस. आषाढ सरत आलेला. कराडजवळचं मलकापूर, तिथली रस्त्याकडेची लाकडाची वखार.

रात्र नव्हती...

टळटळीत दुपार होती. पाऊस दोन दिवस उघडलेला. हे मुद्दाम सांगते, कारण लोकांना वाटतं असलं काही अंधारातच होतं.

माझे वडील मानसिंग पलटणीत होते, ब्रह्मदेशच्या आघाडीवर. त्या वर्षी माघात रजेवर आले आणि महिना भरायच्या आत परत गेले. ते गेल्यावर आईला कळलं, दिवस राहिलेत. आईचं नाव अंजना. तेव्हा तिला विसावंही लागलं नव्हतं. घरात ती आणि तिची सासू, म्हणजे माझी आजी रंगूबाई. आजोबा आधीच गेलेले. दोन बाया आणि विहिरीखालचा थोडा ऊस.

ज्येष्ठात तार आली.

बेपत्ता.

मेला असं नाही, जिवंत आहे असंही नाही. नुसतं बेपत्ता.

आईनं तो शब्द घट्ट धरून ठेवला. कुंकू रोज पहिल्यापेक्षा मोठं लावू लागली.

आजीचं मात्र वेगळंच सुरू झालं. तिन्हीसांजेला दिवा लावायला ती उंबऱ्यापाशी गेली, की तिला अंगणातून खोकला ऐकू यायचा. दोनदा. घसा खाकरल्यासारखा. दार उघडावं तर बाहेर कुणीही नसायचं.

"मानसिंगचा खोकला हाय," आजी म्हणायची. "मी पोटच्या पोराचा खोकला वळखनार न्हाई व्हय?"

आईला तो कधीच ऐकू आला नाही.

आजी भटजींकडे गेली. भटजी म्हणाले, "बेपत्ता माणसाचं बारा वर्षं काही करत नाहीत."

"बारा वरसं माझं लेकरू दारात उभं राहनार?" आजीनं विचारलं. "त्याला वाट द्या. मी पाया पडते."

तिचं रडणं बघून भटजी तयार झाले. पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा, आणि त्याला अग्नी द्यायचा. देह मिळत नाही त्याचं असंच करतात. भटजी म्हणाले, पानंच ती, चार काटक्या पुरतील.

"काटक्या कशापायी?" आजी म्हणाली. "माझ्या लेकाला पुऱ्या मानसाची लाकडं घालीन. आन कोरडी घालीन."

आईनं तिचे पाय धरले. "आत्ती, त्ये जित्तं हायत. जित्त्या मानसाला जाळू नगा."

"मग मला खोकला कुनाचा ऐकू येतो, पोरी?"



दुसऱ्या दिवशी वस्तीवरच्या गुंडा नावाच्या गड्यानं बैलगाडी जुंपली. पोटुशा बाईनं असल्या कामाला जायचं नसतं, पण आई गाडीत जाऊन बसली. तिला वाटलं, वाटेत तरी सासूचं मन फिरेल.

वखारीत तोलायला हरिबा होता. आटपाडीकडचा म्हातारा. आजीचं माहेर तिकडचंच, म्हणून तो तिला आक्का म्हणायचा. आजी वर्षानुवर्षं त्याच्याकडूनच सरपण घ्यायची, आणि हरिबा तिला वचकून असायचा. कारण आजीला लाकडात फसवणं कुणाला जमलं नव्हतं.

पावसाळ्यात ओलं लाकूड वजनाला जड भरतं आणि चुलीत नुसता धूर करतं. म्हणून आजी दोन फाटी घेऊन एकमेकांवर आपटायची. वाळलेलं लाकूड टणकन वाजतं. ओलं दबकं बोलतं. मग ती लाकडाचं टोक बघायची, चिरा पडल्यात का. साल नखानं उकरायची. आणि तोलायच्या आधी रिकामी तागडी बघायची, दोन्ही पारडी सारखी आहेत का.

त्या दिवशीही तिनं हे सगळं केलं.

आई सांगायची, "आत्तीचं त्वांड दगडावानी झालतं. पर हात बाजार करत हुते."

टण... टण... टण...

एकेक फाटा वाजवून आजी बाजूला ठेवत होती. दबकं बोललं की फेकून देत होती. हरिबाला कळलं होतं लाकडं कशासाठी आहेत. तो वखारीच्या आतल्या बाजूची चांगली बाभळ आणून देत राहिला.

तागडी मोठी होती. तीन वाशांच्या तिकाटण्याला टांगलेली आडवी दांडी आणि दोरखंडाला लोंबणारी दोन लाकडी पारडी. हरिबानं रिकामी तागडी दाखवली. दांडी सरळ होती. आजीनं मान हलवली.

हरिबानं डाव्या पारड्यात मणाचं लोखंडी वजन ठेवलं. ते पारडं जमिनीला टेकलं. उजव्या पारड्यात तो लाकडं रचू लागला.

मण भरत आला, तरी दांडी हलली नाही.

त्यानं अजून दोन फाटी टाकली.

दांडी हलली नाही.

अजून चार टाकली.

"आक्का," हरिबा म्हणाला, "ह्ये मनाच्या वर गेलं. माझा हात सांगतोय."

"तुझा हात ऱ्हाऊ दे. काटा काय म्हनतोय?"

काटा हलत नव्हता.

हरिबाला वाटलं दांडी अडकली. त्यानं दोरखंड चाचपला, दांडी वरखाली करून पाहिली. कुठं काही अडकलं नव्हतं. मग तो म्हणाला, वजन काढून बघतो. त्यानं दोन्ही हातांनी लोखंडी वजन उचललं आणि खाली मातीत ठेवलं.

आता डावं पारडं रिकामं होतं. उजव्यात मणाच्या वर लाकूड होतं. ते धाडकन खाली यायला हवं होतं.

नाही आलं...

लाकडांनी भरलेलं पारडं हवेत वरच राहिलं.

रिकामं पारडं जमिनीला टेकून राहिलं.

वखारीच्या मागच्या बाजूला कुणीतरी लाकूड फोडत होतं, तो आवाज थांबला. गाडीचे बैल शिंगं हलवायचे थांबले. त्यांच्या गळ्यातल्या घुंगरांचाही आवाज येईना.

आणि मग रिकाम्या पारड्याचा दोरखंड करकरला.

हळू... जसा झोपाळ्यावर बसलेला माणूस जरा सरकून बसतो, तसा.

गुंडा गाडीपाशी उभा होता. तो "आगं आयाव" म्हणून मागं सरला. हरिबानं हात जोडले.

आजी पुढं गेली. आई सांगायची, सासूच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. महिन्याभरात पहिल्यांदा तो चेहरा मऊ झाला होता.

"ल्हानपनी असाच बसायचा ह्यो," आजी हरिबाला म्हणाली. "मी लाकडं निवडायची, आन ह्यो पारड्यात जाऊन बसायचा. तू उठवायला गेलास की दोरखंडाला मिठी मारायचा. ध्यानात हाय का तुझ्या?"

हरिबा रडत होता. त्यानं मान हलवली.

आजी पारड्यापाशी खाली बसली. हवेत हात पुढं केला, केसांवरून फिरवावा तसा फिरवला.

"मानसिंग... ऊठ, बाळा. लाकडं तोलायची हायत."

थोडा वेळ काहीच झालं नाही.

मग दोरखंड पुन्हा करकरला. रिकामं पारडं सावकाश वर उचललं गेलं. दुसऱ्या बाजूची लाकडं धाडकन जमिनीवर आदळली.

बैल हंबरले. मागच्या बाजूला कुऱ्हाडीचा आवाज पुन्हा सुरू झाला.

आईला विचारलं होतं मी, तुला भीती वाटली नाही का गं?

ती म्हणाली, "भ्या मागनं वाटलं. आदी येवढंच कळलं की त्ये गेलं. जित्तं असतं तर पारड्यात कशाला येऊन बसलं असतं?"

तिनं तिथंच, वखारीच्या दारात, गळ्यातले मणी ओढून तोडले. कुणी सांगितलं नव्हतं. पदरानं कुंकू पुसलं. आजीनं तिला पोटाशी धरलं, आणि मग दोघी रडल्या. तार आल्यापासून दोघी एकत्र रडल्या नव्हत्या.

त्या दिवशी लाकडं पुरती तोलून मिळाली. हरिबानं वर दोन फाटी घातली. आजीनं ती काढून ठेवली. म्हणाली, "कमी नगं, जास्ती बी नगं. त्याचं जेवढं हाय तेवढंच."

दुसऱ्या दिवशी कृष्णा-कोयनेच्या काठावर पुतळ्याला अग्नी दिला. बाया गेल्या नाहीत. गुंडा गेला होता. त्यानं येऊन जे सांगितलं ते असं...

पानांचा पुतळा. भुर्रकन जळून जायला हवा होता. भटजी म्हणत होते, निम्मी लाकडं उरतील, ती नदीत सोडा.

एक फाटा उरला नाही.

माणूस जळायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ ते सरण जळत राहिलं. आणि वासही तसाच आला.

त्या संध्याकाळपासून आजीला खोकला ऐकू आला नाही. ती शांत झोपू लागली.

दिवाळीनंतर मी जन्मले. बारशाला कुणी गाणी म्हटली नाहीत. बिनबापाची पोर म्हणून मला सगळ्यांनी जपलं.

गोष्ट इथं संपली असती तर मी ती तुम्हाला सांगितलीच नसती.

लढाई संपली. पुढच्या वर्षी उन्हाळ्यात वडूजकडचा एक माणूस आमची वस्ती विचारत आला. जोतिबा त्याचं नाव. हाडाचा नुसता सापळा. वडिलांच्या पलटणीतला होता. आजी शेतावर गेली होती. आई एकटी होती, मी तिच्या कडेवर.

त्यानं आईच्या कपाळाकडं पाहिलं आणि म्हणाला, "म्हंजी तुमास्नी कळलंय तर."

"व्हय," आई म्हणाली. "तार आली त्याच आखाडात सारं केलं आमी."

जोतिबा तिच्याकडं बघतच राहिला.

"आखाडात? वैनी, आखाडात मानसिंग माझ्याबरूबर हुता. आमी दोगं जपान्यांच्या कैदंत हुतो. त्यो मागनं गेला... दिवाळी होऊन थंडी पडल्याव. माझ्या मांडीवर गेला."

आई खाली बसली.

जोतिबा सांगत राहिला. त्याला वाटलं, सांगितल्यानं तिला बरं वाटेल. मानसिंग घरची आठवण फार काढायचा. बायकोला दिवस गेलेत ही खबर त्याला कैद व्हायच्या आधी मिळाली होती. थंडी पडली तसा म्हणायचा, आता लेकरू झालं असेल. मुलगी असली तर बरं, आईला सोबत होईल.



"आखाडात मातूर येकदा लय झालं त्याला," जोतिबा पुढं म्हणाला. "ताप न्हाई, जखम न्हाई. अन् येकाएकी वरडाय लागला. आंग भाजतंय म्हनायचा. हात लावू दीना. पानी वतलं तरी भाजतंयच. 'कोन जाळ करतंय, इझवा की रं' म्हनून वरडत हुता. दिस बुडस्तवर. त्या दिसापास्नं त्यो खंगतच गेला बगा."

"कोनचा दिस हुता?" आईनं विचारलं.

"तितं तिथवार कुनाला ठावं, वैनी? आखाड सरत आला हुता, येवढंच."

आईनं त्याला जेवू घातलं. आजी यायच्या आत वाटेला लावलं. जाताना त्याच्या पाया पडून सांगितलं, ह्यातलं अक्षर कुठं बोलू नका.

आजी पुढं पुष्कळ वर्षं जगली. लेकाला आपण कोरडी लाकडं घातली, पुरं माप घातलं, त्याला वाट दिली, या समाधानात गेली. आईनं तिला कधीच काही सांगितलं नाही. सगळं एकटीनं पोटात ठेवलं.

मला सांगितलं ते अगदी शेवटी, अंथरुणाला खिळल्यावर.

"माझं कपाळ पांढरं हुतं, आन त्ये जित्तं हुतं," ती म्हणाली. "दिवाळी झाल्याव तू जल्मलीस तवा बी तुला बाप हुता, बाय. मी सवाष्न हुते. माझ्याच हातानं मनी तोडलं मी."

मी तिचा हात धरून बसले.

मग ती म्हणाली, "आत्तींनी हाक मारली आन त्यो उठला. नाव घेतल्याव उठला. मग त्यो कोन हुता गं? कुनाला आमी ह्यांचं नाव दिलं?"

त्या रात्री ती गेली.

आता घरात मीच मोठी. पितृपक्षात सगळ्यांची पानं मीच वाढते. आजीच्या पानाला कावळा शिवायला वेळ लावतो. आईच्या पानाला तर दुपार कलते, हात जोडून विनवावं लागतं.

वडिलांच्या नावाचं पान ठेवलं, की ते लगेच उचललं जातं...

पान टेकवून मी हात मागं घ्यायच्या आत.

आणि कावळा मला एकदाही दिसलेला नाही.