चिल्फीच्या खोऱ्यातला पाला

साहेब, त्या दोघांना थंडीनं मारलं असं तुम्ही सांगत फिरता. ते खोटं आहे. थंडी तिच्या वाटेनं आली. माणसं तुम्ही तिच्या वाटेत बसवलीत, आणि वरून, ते पळून गेले म्हणून त्यांच्या नावानं बोंबही मारलीत.

एकोणीसशे साठचा पौष होता. भिलाईत भट्ट्या उभ्या राहत होत्या. भट्टीत लोखंडाबरोबर चुनखडीच्या जातीचा दगड टाकावा लागतो. तसला दगड मैकलच्या डोंगरात, चिल्फी घाटाच्या वर मिळतो म्हणून ठेकेदाराच्या कंपनीनं केवलराम, गुलाबराव आणि चिंधू या तिघांना नमुने गोळा करायला पाठवलं. आठवड्यानं गाडी येणार होती. आठवडा उलटला, गाडी गेली नाही. मग अवकाळी पाऊस लागला. पावसानंतर आभाळ निरभ्र झालं आणि अशी थंडी पडली की भिलाईतल्या मजुरांच्या कॅम्पात झोपड्यांतले पाण्याचे माठ हात लावू देईनात.

चिंधूचा थोरला भाऊ देवराव खलाशी होता, उंचावर लोखंडी तुळ्या चढवायचा. तो कंपनीच्या साहेबाच्या, म्हणजे तुमच्याच, बंगल्यावर गेला.

"पळाले असतील गावाकडे, तूर कापायला," तुम्ही म्हणालात.

"गाडी तं दारात उभी आहे, साहेब."

"पाहुण्यांना शिकारीला न्यायचंय उद्या."

देवराव उलट्या पावली फिरला. भिलाईजवळच्या सुपेल्याच्या एका व्यापाऱ्याचा ट्रक रिकामाच कवर्ध्याला चालला होता, त्यावर तो चढला. बरोबर विजयकुमार. हा पोरगेला मोजणीदार रशियन इंजिनिअरांच्या हाताखाली काम करायचा. आणि ट्रक सुटता सुटता डोक्यावर पदर ओढून तिसरं माणूस मागं चढून बसलं. ती तुळसाबाई, चिंधूची बायको.

आता देवराव तिचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ. भासऱ्याशी त्यांच्याकडची बाई समोरासमोर बोलत नाही. लग्नाला चार वर्षं झाली, तिनं देवरावशी एक शब्द काढला नव्हता.

"विजयकुमार, तिले म्हणा उतर," देवराव दुसरीकडे बघत म्हणाला.

"त्याइले सांगा, मी नाही उतरत," ती विजयकुमारला म्हणाली.

"मी का टेलिफोन आहो?" विजयकुमार कुरकुरला.

ट्रक बेमेतऱ्याकडे निघाला. उघड्यावर वारा चाबकासारखा लागत होता. तुळसाबाईनं विजयकुमारला विचारलं, एवढी थंडी आली कुठून?

"आमचा रशियन साहेब म्हणते, ही त्यांच्याकडची आहे. ध्रुवावर हिवाळाभर सूर्यच नाही उगवत, वहिनी. तिथली हवा गारठून जड होते. वरचं वारं तिले गोल गोल फिरवून तिथंच कोंडून ठेवते. कधीमधी थे कुंपण ढिलं पडते. मंग सुटते ती खाली."

"मधात हिमालय आहे ना बे?" देवराव म्हणाला.

"समोरून नाही येत. इराण-काबूलकडून, पावसाच्या पाठीमागून घुसते. म्हणून आधी पाऊस. आभाळ उघडलं की समजा, आली. इथं येतवर निम्मी कोमट होते म्हणा."

"ही कोमट?"

"आमचा साहेब तं सदऱ्यावर फिरून राहिला. म्हणते, भिलाईत आज वसंत ऋतू आला."

कोणी हसलं नाही. तीन माणसं गोणपाटाखाली पावसात भिजली असणार, आणि मग हे वारं आलं असणार, एवढंच तिघांच्या डोक्यात होतं.

कवर्ध्यापुढं घाटाच्या पायथ्याच्या गावात बिसाहू नावाचा गोंड वाटाड्या मिळाला. त्यानं त्या तिघांना पाहिलं होतं. तो पुढं झाला आणि चढण सुरू झाली. सालाच्या झाडांत पाखरू नव्हतं. वाऱ्यानं जीव टाकला होता, आणि तो पडल्यावरची शांतता वाऱ्याहून वाईट होती. कोणीतरी श्वास धरून आपल्याकडं बघतंय असं देवरावला राहून राहून वाटत होतं. तो वळून बघे. मागं फक्त स्वतःच्याच श्वासाची वाफ.

दिवस मावळताना ते कड्यावर पोचले. खाली खोलगट खोरं पसरलं होतं. मधोमध गवताचा माळ, चहूबाजूंनी डोंगराचा आडोसा, वाऱ्याचा लवलेश नाही. देवरावनं पाठीवरची वळकटी सारखी केली आणि उतरायला लागला.

बिसाहूनं त्याचा दंड धरून त्याला अडवलं. "खाल्हे झन जा भइया. उहाँ पाला परथे."

"पडू दे ना पाला," देवराव म्हणाला. "अंथरायले होईन."

बिसाहूनं दंड सोडला नाही. "ओहू मन अइसने कहिन," तो हळूच म्हणाला. "हाँसिन घलो."

विजयकुमारचा चेहरा उतरला. "भाऊ, त्या तिघायलेही यानं हेच सांगितलं होतं. थेही असेच हसले. पाला म्हणजे झाडाचा पाला नाही भाऊ. याइच्या बोलीत पाला म्हणजे दवाचं बर्फ. थंड हवा जड असते, रातच्याला डोंगरावरून घसरते अन् तिथं खाली डबक्यावानी साचते."

एक शब्द! धान आणि तूर पिकवणाऱ्या भंडाऱ्याच्या माणसांना पाला म्हणजे पानं. त्यांच्या बापजाद्यांनी दव गोठलेलं पाहिलेलं नव्हतं. आडोसा दिसला, पानगळ दिसली, त्यांनी बिछाना केला.

अंधारात त्या तिघांना कुठं शोधणार? चौघं उजाडायची वाट बघत कड्याच्या कपारीतच थांबले. शेकोटी पेटली. खालचं खोरं काळं होत गेलं. अंधारात कसलातरी कडकड आवाज येई. गोठलेलं गवत मोडत असावं, किंवा त्यावरून कोणी चालत असावं.

आणि मग हाक आली.

"दादाऽऽ"

एकदाच. कानाशी बोलावं इतकी जवळून.

देवरावनं खोऱ्याकडं मान वळवली. आवाज चिंधूचा होता. पण खोऱ्यात ना जाळ ना धूर, आणि आवाज एवढा जवळ कसा? त्याच्या आईनं लहानपणापासून बजावलं होतं, रानात एकट्या हाकेला ओ द्यायची नाही. जिवंत माणूस दुसऱ्यांदा हाक मारतो. एकदाच मारतं ते माणूस नसतं.

"कोणी ओ देऊ नका," तो म्हणाला. "आणखी एकदा येऊ द्या."

ते थांबले. लाकूड तडतडलं. दुसरी हाक आली नाही.

तुळसाबाई उठली. तिनं डोक्यावरचा पदर काढला, कमरेला खोचला आणि देवरावसमोर येऊन उभी राहिली.

"तुमाले भुताचं भेव वाटून राहिलं?" ती सरळ त्याला म्हणाली. "दुसरी हाक माराची ताकद नसन त्याच्यात. माह्या नवऱ्याले तुमी परीक्षेले बसवता?"

तिनं खोऱ्याकडे तोंड केलं. "ओ!" ती ओरडली. "आली मी!"

आणि उतारावर निघालीसुद्धा.

देवरावनं जळतं लाकूड उचललं. बाकीचे मागं. पायाखाली गवत काचेसारखं मोडत होतं. थोडं उतरले आणि थंडी बदलली. नदीत उतरावं तशी ती चढत गेली. आधी घोटे, मग गुडघे, मग कंबर. छातीशी आली तेव्हा श्वास आत जाईना. विजयकुमारचा पाय सरकला. तो घरंगळत गेला, एका बुंध्याला अडला. देवरावनं त्याला ओढून उभं केलं. पुढं!

मशालीच्या उजेडात गोणपाटाचा आडोसा दिसला. त्याला टेकून केवलराम आणि गुलाबराव बसलेले होते. शेजारी शेजारी, गुडघे पोटाशी घेऊन, बोलता बोलता थांबल्यासारखे. दोघांचे केस, मिशा, पापण्या पांढऱ्या. तरणीताठी माणसं म्हातारी होऊन मेली होती. केवलरामचे डोळे उघडे होते, वाटेकडं लागलेले.

चिंधू कुठं होता?

तुळसाबाई पानांच्या ढिगावर पडली आणि दोन्ही हातांनी उपसू लागली. वरची पानं गोठून चिकटली होती. खालची कोरडी निघाली. त्यांच्या आत, मुठीएवढा होऊन, चिंधू होता. ओठ निळे. छाती हलत होती.

देवरावनं भावाला पाठीशी बांधलं. चढण सुरू झाली. निम्म्यावर विजयकुमार खाली बसला. "थोडंसं झोपतो भाऊ. आता थंडी नाही वाजून राहिली."

देवरावनं त्याच्या थोबाडीत मारली. बिसाहूनं काखेत हात घातला. ऊठ! चाल! पाय दिसत नव्हते, कळत नव्हते, तरी पडत होते. आणि पावलागणिक थंडी छातीवरून खाली उतरली, कमरेवरून, गुडघ्यांवरून. वर कपारीत शेकोटी अजून लाल होती.

तुळसाबाईनं चिंधूला कांबळ्यात घेऊन अंगाशी धरलं. उजाडेपर्यंत ती त्याच्या कानात काहीबाही बोलत होती. देवराव तिच्याकडं पाठ करून शेकोटी राखत बसला.

उजाडलं तेव्हा खालचं खोरं दुधानं भरल्यासारखं पांढरं होतं. इतकं सुंदर काही देवरावनं पाहिलं नव्हतं, आणि त्याला ते बघवेना. चिंधूनं डोळे उघडले.

"पोते मोजून ठेवले, दादा," तो म्हणाला. "गाडी आली का?"

"तुमी वर कावून नाही आले बे? गावात कावून नाही गेले?"

"साहेब म्हणे, गाडी येतवर पोते सोडून हलाचं नाही. हलले तं कामावरून कमी." तो थांबला. "केवलरामभाऊ म्हणे, गाडी येईनच आज."

ऊन चढल्यावर गावची माणसं खाली गेली आणि दोन्ही देह वर आले. दगडांची पोती खाली रचलेली तशीच होती. देवरावनं ती नुसती पाहिली आणि गावकऱ्यांना म्हणाला, राहू द्या.

चिंधूच्या पायाची बोटं गेली, जीव वाचला. भिलाईला आल्यावर तुम्ही देवरावला बोलावून पहिला प्रश्न विचारलात, "नमुने आणले का?"

साहेब, ध्रुवावरची हवा अर्ध्या जगाला वळसा घालून चिल्फीपर्यंत पोचली. तुमची गाडी भिलाईहून कवर्ध्याच्या वाटेला लागू शकली नाही. केवलराम मरेपर्यंत वाटेकडं बघत होता. त्याच्या बायकोला तुम्ही सांगितलंत, नवरा पळाला. आता तिच्या दारात उभे राहा आणि सांगा. त्या दिवशी गाडी कुणासाठी राखून ठेवली होती? कुठल्या जनावराच्या शिकारीसाठी?

बोला.